बेचाळीस

उद्यमनगरातल्या जुन्या फौंड्रीचं छप्पर उतरवायचं काम
माझ्याकडं आलं. शेड अठ्ठ्याहत्तर सालातली.
पत्रे राखाडी, पन्हळीत शेवाळ, कडेला पिंपळाची दोन रोपं.
ठेकेदार म्हणाला, वरनं पहार घाला, पाडा खाली,
दुपारपर्यंत मोकळं.

या पत्र्याचं खरं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही.
आप्पा म्हणायचे, सिमिटाचा पत्रा.
तापत नाही, गंजत नाही,
पावसात डोक्यावर ताशा वाजवत नाही.
मायेनंच म्हणायचे ते.
आणि गिरमिटानं भोक पाडलं की
तोंड जवळ नेऊन
फुंकर घालायचे त्यावर,
दुखलेल्या बोटावर घालावी तशी.

संध्याकाळी दारात उभे,
पिठाच्या गिरणीतनं आल्यागत.
भुवया पांढऱ्या.
मी टाळ्या पिटायची : आप्पा म्हातारे झाले!
आई सदरा उंबऱ्याबाहेर झटकायची.
वारा कधी बाहेर जायचा, कधी आत यायचा.

खरंच दम संपला तेव्हा
भुवया काळ्याभोर होत्या.
टेंबलाईची टेकडी पळत चढणारा माणूस
बल्ब बदलायला स्टुलावर चढेना.
जिन्यात मधेच थांबायचा, भिंतीकडं बघायचा,
पोपडे मोजायला थांबल्यागत.

सीपीआरमध्ये डॉक्टरनी विचारलं, तंबाखू?
आप्पा म्हणाले, कधीमधी.
तेवढंच कागदावर उतरलं.
बावीस वर्षं मावतील एवढा रकाना तिथं नव्हता :
कारखान्याची गोदामं, वडणग्याची गुऱ्हाळं,
माझ्याच शाळेची वाढीव खोली.

डोळ्याला दिसत नाही अशी सुई असते.
अंग तिला ढकलू शकत नाही, जिरवू शकत नाही,
म्हणून तिच्याभोवती नुसतं घट्ट होत जातं.
डिप्लोमाच्या पुस्तकात मला हे सापडलं,
अर्धं पान.
परीक्षेला नव्हतं.

मी म्हटलं, पहार नको. नट कापा.
आधी पत्रे भिजवा, टँकर मागवा.
ठेकेदार हसला, पत्र्याला अंघोळ घालतीस व्हय?
यमनाप्पानं मास्क घातला, मावा थुंकायला काढला,
परत घातला, परत काढला.
मी खालनं ओरडत राहिले. घसा बसला.
तीन दिवस.
दोऱ्या लावून, हळूहळू, ओले,
पाळण्यातनं लेकरू उचलावं तसे आले पत्रे.
एक अस्लमच्या हातनं निसटला.
तुकड्यांवर पाणी ओतेस्तवर
सगळ्यांनी श्वास धरला होता,
मी सांगायच्या आधीच.

बाकीचे मोजले : बेचाळीस. एकालाही चीर नाही.

चौथ्या दिवशी बुलेटवरनं भुजगोंडा आले, हातकणंगल्याचे.
बोटाच्या पेरानं पत्रा वाजवला.
"असा अखंड माल आता मिळतोय कुठं?
म्हशींच्या गोठ्याला घेतो. रोख.
भोकं नवी पाडून घेऊ, हा पोरगा हाय की."
मागं बसलेला पोरगा उतरला,
मिसरूड फुटायचं होतं अजून.
जुन्या भोकाला डोळा लावून
पलीकडनं माझ्याकडं बघत राहिला.
ठेकेदार म्हणाला, बघ, अंघोळ वसूल झाली तुझी.

फोडले असते तर निदान कुणी विकत घेतले नसते,
हे मला तेव्हा सुचलं.

मी ताडपत्री टाकली. नाही म्हटलं.
पुरायचे कुठं, विचारायला महापालिकेत गेले.
या टेबलावरनं त्या टेबलावर,
तिथनं जेवायच्या सुट्टीवर.
एक क्लार्क चांगला होता, त्यानं चहा पाजला.
त्याच्या डोक्यावर तोच पत्रा होता, वरनं रंग दिलेला.
मी काही बोलले नाही.

भुजगोंडांचा दिवसाला दोनदा फोन येतो.
ठेकेदारानं बिल अडवलंय.
सकाळी साइटवर जाते, ताडपत्रीचं टोक उचलते,
तोंडावर ओढणी घट्ट धरून मोजते.

आज एकेचाळीस भरले.